दुखवट्याची टोपी

गाठ मला शिट्टीच्या दोरीनं दाखवली. मी उदगीरच्या एका शाळेत पीटीचा मास्तर. गळ्यात शिट्टी नसली की मला अंगात सदरा नसल्यासारखं वाटतं. त्या हिवाळ्यात दोरी मानेला डावीकडं घासायला लागली. दोरी बदलली. नवीही घासायला लागली तेव्हा बोट लावून बघितलं, तर कानाखाली, जबड्याच्या मागं, बोराएवढं काहीतरी हाताला लागलं. दुखत नव्हतं. दुखत नव्हतं म्हणूनच मी ते तसंच घेऊन पोरांना मैदानावर पळवत राहिलो. तुमच्या अंगावर न दुखणारी गाठ असेल तर आजच दाखवून या. उपदेश म्हणून एवढंच. बाकीचं मी माझ्या चालीनं सांगतो.

मिशी पण?

तपासण्या लातूरला झाल्या. रिपोर्टच्या दिवशी माझी बायको मंगल इस्त्रीची साडी नेसून आली होती, जसं काही पोरीचा दहावीचा निकाल आहे. डॉक्टर तरुण होते, हळू बोलणारे. लसग्रंथींचा कॅन्सर आहे, पण औषधाला ऐकणारा आहे, घाबरू नका, असं म्हणाले. 'कॅन्सर'च्या पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. लहानपणी विहिरीत बुडी मारली की काठावरची माणसं लांबून, जाड आवाजात बोलल्यासारखी वाटतात. तसे ते दोघं वर बोलत होते आणि मी खाली तळाशी होतो. खरं सांगतो, तिथं मला बरं वाटत होतं. गार होतं, हिरवं होतं, आणि वर येण्याची घाई नव्हती.

"जेवायला काय द्यायचं ह्यांना?" मंगलनं डॉक्टरांना विचारलं. त्या प्रश्नानं मी वर आलो.

डॉक्टर म्हणाले, सगळं खाऊ द्या, ताजं द्या. केस मात्र जातील. मी पटकन म्हणालो, "मिशी पण?"

ते हसले. "सगळंच जातं, सर. भुवया, पापण्या, सगळं. आणि सगळंच परत येतं."

बाहेर आल्यावर मंगल म्हणाली, "जिवाची पडली न्हाई, मिशीची पडलीय माणसाला." आणि मग पार्किंगमध्ये गाडीच्या सीटवर हात ठेवून रडली. मी तिला पाण्याची बाटली दिली. दुसरं काय द्यावं ते मला सुचलं नाही.

मिशीचं सांगतो. शाळेत मला 'मिशीवाले सर' म्हणतात. पण गोष्ट शोभेची नव्हती. आमच्याकडं गडीमाणसाची मिशी एकाच कारणानं उतरते. आई किंवा बाप गेला की दहाव्याला डोकं आणि मिशी दोन्ही काढतात. माझी मिशी आयुष्यात एकदाच उतरली होती, आई गेली तेव्हा. आता मागं फक्त आण्णा होते, माझे वडील. चाकूरजवळच्या गावात, ऐंशीला टेकलेले, रोज शेताला चक्कर मारणारे. ते जिवंत असताना मी बोडक्या तोंडानं हिंडायचं, हे मला नुसतं मनात आणूनही कसंतरी होत होतं.

आण्णांना सांगायचं नाही

हे मी त्याच दिवशी ठरवलं. कारण माझा धाकटा भाऊ दत्ता. मोटारसायकलवरून येताना ट्रकखाली गेला, लग्नाचं चाललं होतं त्याचं. आण्णांनी त्याला खांदा दिला, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ते उजवा खांदा चोळत बसायचे. दुखतंय का म्हणून विचारलं की म्हणायचे, न्हाई, उगं. ज्या माणसानं एक लेक खांद्यावरून नेला, त्याला दुसऱ्याचं कोणत्या तोंडानं सांगायचं? मला मरायची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही होती, की मी त्यांच्या आधी गेलो तर त्यांचा तो खांदा परत दुखायला लागेल.

म्हणून उपचार लातूरला घेतलेच नाहीत. लातूरला आमच्या गावचं रोज कुणी ना कुणी भेटतं. नांदेडला बहीण सुमन दिलेली आहे, तिच्याकडं आम्ही दोघांनी राहायचं ठरलं. आण्णांना फोनवर सांगितलं, शिक्षकांचं मोठं प्रशिक्षण आहे, नांदेडला.

"एवढं काय शिकवूलालेत तुला?" आण्णा म्हणाले. "रिटायर व्हायला आलास की."

"योगासनं हायत, आण्णा."

"बरं. कंबर जप."

त्यानंतर रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा आणि मी खोटी योगासनं सांगायचो. गावाकडचा चुलतभावाचा पोरगा व्हिडिओ लावू का विचारायचा, तर म्हणायचो, इथं रेंज न्हाई.

लाल औषध

हॉस्पिटलचा दिवस सगळा एकसारखा. सकाळी रक्त, मग वाट बघणं, मग आरामखुर्चीसारख्या त्या लांब खुर्चीवर सलाईन. त्यात एक औषध लाल असतं, रसना सरबतासारखं. ते नळीतून हाताकडं उतरताना बघत बसायचं. पहिल्या वेळी लघवी लाल झाली तेव्हा माझी पाचावर धारण बसली. कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी सांगतोय. ते औषधच असतं, घाबरायचं नाही.

औषधासोबत झोपेचंही काहीतरी देत असावेत. दुपारी सगळा हॉल डुलकी घ्यायचा. एसीचा एक सूर लागलेला, पडद्यातून पिवळं ऊन, आणि आम्ही सगळे आपापल्या नळीला बांधलेले. त्या गुंगीत मला आमचं खळं दिसायचं. हरभऱ्याची मळणी चाललीय, यंत्रातून भुसकट उडतंय, इतकं की आभाळ पिवळं झालंय. मी भुसकटात उभा आहे आणि ते माझ्या अंगातूनच उडतंय. त्रास काही नाही. फक्त मी हळूहळू हलका होतोय, आणि लांबून कुणीतरी म्हणतंय, वारं चांगलं सुटलंय, होऊन जाऊ द्या.

दत्ताही यायचा. समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसायचा, ओल्या केसांचा, नुकताच विहिरीतून निघाल्यासारखा. त्याला मिशी असायची, झुबकेदार. जिवंतपणी त्याची एवढी नव्हती. तो काही वाईट बोलायचा नाही. "चल की पोहायला," एवढंच म्हणायचा. मला जावंसंही वाटायचं. मग सिस्टर सलाईनची बाटली बदलायला यायची आणि खुर्चीत दुसराच कुणी पेशंट असायचा, मोबाईल बघत.

उशीवर

केस जाण्याआधी डोकं दुखतं, हे मला माहीत नव्हतं. आतलं नाही, वरचं. कातडीच दुखते, जसं दिवसभर घट्ट फेटा बांधून सोडल्यावर दुखते तसं. मग एका सकाळी उठलो तर उशीवर माझं अर्धं डोकं. सुमननं चादर गोळा केली आणि अंगणात झटकायला नेली. मी खिडकीतून बघत होतो. केस उन्हात तरंगत गेले, शेजाऱ्याच्या कढीपत्त्यावर बसले. खळ्यातलं भुसकट ते हेच, असं मला अर्ध्या झोपेत वाटलं आणि मी परत आडवा झालो.

राहिलेले मी मशीननं काढून टाकले. तसंच करा. रोज मूठमूठ बघण्यापेक्षा एकदाच बघितलेलं बरं. उशीला जुन्या धोतराचं मऊ फडकं लावा. साबण कमी लावा. आणि घरच्यांना सांगून ठेवा की डोक्यावरून हात फिरवायचा असेल तर खुशाल फिरवा. लोक भितात. मंगल पहिले काही दिवस माझ्या कपाळाच्या वर हातच न्यायची नाही.

मिशी सगळ्यात शेवटी गेली, आठवडाभर लढून. तोंड धुताना हाताला लागली आणि ओंजळीतल्या पाण्यात राहिली. आरशात बघितलं तर वरचा ओठ कुणा परक्याचा होता, बारका, लाजरा. मंगल मागं उभी होती.

"चांगलं दिसलालंय की," ती म्हणाली.

"खोटं बोलू नको."

"लग्नाआधी दाखवलं असतं तर हो म्हणले नसते, एवढं खरं." मग आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसता तिनं पहिल्यांदा माझ्या डोक्यावर हात ठेवला. गार होता. लई बरं वाटलं.

भुवया गेल्या की घाम सरळ डोळ्यांत उतरतो. नाकातले केस गेले की नाक नळासारखं वाहतं. हे डॉक्टर सांगत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीनं ते काहीच नसतं. रुमाल दोन ठेवत चला.

देगलूरचे मामा

मंगलचे मामा देगलूरला असतात. भुसार मालाचा धंदा, तब्येत गोल, मन मऊ. त्यांनाही काही सांगितलेलं नव्हतं. एकदा सलाईन संपवून मी हॉस्पिटलच्या समोर नारळपाण्याच्या गाड्याजवळ उभा होतो. मंगल औषधं आणायला आत गेली होती. ऊन रणरणत होतं, रस्ता पाण्यासारखा हलत होता, आणि त्या हलत्या रस्त्यातून मामा चालत आले.

मला ते स्वप्नातलेच वाटले, म्हणून मी काही बोललो नाही. ते जवळ आले, माझ्या डोक्याकडं बघितलं, ओठाकडं बघितलं. डोळे भरले त्यांचे. काही न विचारता मला पोटाशी धरलं आणि म्हणाले, "लई वाईट झालं, जावई." मी मान हलवली. मला वाटलं, ह्यांना आजाराचं कळलंय. "येतो घरी. इथं रस्त्यावर काय बोलायचं," असं म्हणाले आणि डोळे पुसत रिक्षात बसले.

मंगल आल्यावर मी सांगितलं की मामांना कळलंय. ती म्हणाली, "कुनी सांगितलं? मी तर न्हाई." तिनं फोन लावला, तर त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही.

उचलणार कसा? मामा रागावले होते. त्यांनी जे बघितलं ते आमच्या भागातल्या कुठल्याही माणसानं बघितलं असतं. डोकं नाही, मिशी नाही, भर उन्हात खुळ्यासारखा उभा जावई. म्हणजे बाप गेला. आणि दहावा झाला तरी आपल्याला कळवलंसुद्धा नाही. अशी गोष्ट फोनवर विचारत नसतात. टोपी-टॉवेल घेऊन दारात जाऊन उभं राहायचं असतं. त्याला आम्ही दुखवटा म्हणतो. घरातलं माणूस गेलं की सोयऱ्यांनी नवी टोपी आणून लेकाच्या डोक्यावर घालायची, म्हणजे उघडं पडलेलं डोकं झाकलं जातं.

गावात काय झालं

हे मला नंतर कळलं. मामी वेगळं सांगतात, आण्णा वेगळं. जमवून सांगतो.

मामा-मामी दुसऱ्या दिवशी आमच्या गावाला उतरले. मामींनी रीतीप्रमाणं गल्लीच्या तोंडाशीच गळा काढला. शेजारच्या बायका दारात आल्या. मामी पदर तोंडाला लावून, आण्णांचे गुण गात गात ओट्यापाशी आल्या, आणि ओट्यावर आण्णा तुरी निवडत बसलेले.

मामींचा आवाज मधेच थांबला. मामांच्या हातातली पिशवी खाली पडली.

"कोन गेलं हो, इवाई?" आण्णांनी मामांना, म्हणजे व्याह्यांना, काळजीनं विचारलं.

आण्णांनी पिशवीत बघितलं. नवी पांढरी टोपी, टॉवेल. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपणच गेलोय. मामी म्हणतात, ते लई हसले. पोट धरून हसले, बायकांनाही हसू आलं. चहा टाकायला लावला. मग मामा हळूच म्हणाले, चूक झाली इवाई, पण जावयाला मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, नांदेडला, दवाखान्यापुढं.

आण्णांनी बशी खाली ठेवली. "डोक्यावर केस न्हवते?"

"न्हाई."

"मिशी बी?"

"मिशी बी न्हाई. भुवया सुदिक न्हवत्या."

भुवया कुणी कुणाच्या मरणाला काढत नाही. मामी म्हणतात, त्यानंतर आण्णा बराच वेळ तुरीच निवडत बसले, आणि चांगलीही तूर खड्यांत टाकत होते. निघताना मामांनी ओशाळून विचारलं, टोपी परत नेऊ का. आण्णा म्हणाले, ऱ्हाऊ द्या.

हात

माझी दुपारची गुंगी चालू होती. दत्ता समोर बसला होता, मोठ्या मिशीचा. ह्या वेळी तो उठून उभा राहिला होता. "चल," म्हणाला. मी म्हणालो, "मला तिथं कुनी वळखनार न्हाई. माझं तोंड बघ." तो म्हणाला, "मी वळखतो की." आणि मी पाय खाली सोडले. मला अजून आठवतं, मी खरंच पाय खाली सोडले होते.

तेवढ्यात डोक्यावर हात आला. कपाळापासून मागं मानेपर्यंत, सावकाश, बाजारात बैलाची पाठ चाचपतात तसा. खरबरीत हात. मग अंगठा वरच्या ओठावर आला, इकडून तिकडं फिरला आणि थांबला. तंबाखूचा वास आला. स्वप्नात दत्ताला कधी वास नव्हता.

डोळे उघडले तर आण्णा होते. धोतर, कोपरी, हातात प्लास्टिकची पिशवी. त्यांच्यामागं सुमन तोंडावर पदर धरून उभी होती.

"दुखतंय का?" आण्णांनी विचारलं.

"न्हाई."

"खोटं बोलूलालास. योगासनं शिकूलालास न्हवं?"

"थोडं दुखतंय, आण्णा."

ते समोरच्या खुर्चीत बसले, दत्ता बसायचा तिथंच. नळीतून उतरणारं लाल औषध बघत राहिले. मग पिशवीतून टोपी काढली. कडक, नवी, कांजी केलेली. "तुझ्या मामासासऱ्यानं आनली," म्हणाले. "मी मेलो म्हनून." टोपी झटकली आणि माझ्या डोक्यावर घातली. केस नसल्यानं ती कानापर्यंत खाली आली. "गार लागत आसंल ह्या एसीत. कामाला आली बघ."

पापण्या नव्हत्या, त्यामुळं पाणी अडलंच नाही, सरळ खाली आलं. त्यांनी मला रडू दिलं. मग पुढं वाकले आणि शेतातल्या गड्याला काम सांगावं त्या आवाजात बोलले.

"बाळू, ऐक. दत्ताच्या येळंला मी उलटं काम केलं. बापानं लेकाचं करायचं नसतंय. ते मला परत करायला लावू नको. आता मिशी वाढव. माझ्या टायमाला उतरवायला तुला मिशी पायजे. उगं असलं गुळगुळीत तोंड घिऊन मसनात हुबा ऱ्हाऊ नको."

"हाव, आण्णा."

"आन तवर मी बी जात न्हाई. बघतो मी, कवा येतीया ती."

त्या दिवसापासून दत्ता खुर्चीत आला नाही. मी त्याची वाट बघितली, हेही खरं आहे. औषधं चालूच राहिली, उलट्या झाल्या, तोंड आलं, एकदा ताप चढून भरतीही व्हावं लागलं. पण आण्णांना खोटं सांगायचं नव्हतं, आणि तेवढ्यानंच निम्मं ओझं उतरलं. तुम्ही घरच्या म्हाताऱ्यांपासून लपवत असाल तर माझा अनुभव सांगतो. आपण त्यांना जपतोय असं आपल्याला वाटतं. त्यांच्याकडं आपल्याहून जास्त बळ असतं, फक्त ते विचारल्याशिवाय काढत नाहीत.

आली का

शेवटच्या तपासणीत गाठी दिसल्या नाहीत. केस पहिल्यांदा आले ते उंदराच्या पिलासारखे, मऊ, राखाडी, आणि चक्क कुरळे. मैदानावर पोरं हसली. मी शिट्टी वाजवून त्यांना दोन चकरा जास्त मारायला लावल्या. मिशी सगळ्यात उशिरा आली. आता आहे. अर्धी पांढरी आहे, पण भरलेली आहे, पूर्वीपेक्षा जरा जास्तच.

टोपी कपाटात आहे. मंगल म्हणते, घरात ठेवू नये असली वस्तू. मी म्हणतो, असू दे.

रविवारी गावाला जातो. आण्णा ओट्यावर असतात. मी पायाला हात लावून उठलो की ते अंगठा माझ्या ओठावरून फिरवतात, इकडून तिकडं, डोळे मिटून.

"पातळ हाय अजून," म्हणतात. "थांबतो मी थोडं."

म्हणून शनिवारी संध्याकाळी मी न चुकता सलूनमध्ये जाऊन बसतो. मिशी थोडी पातळ कर, म्हणतो.